एका व्यक्तीसाठी उत्तम

चिंगी आंघोळीला गेली होती आणि तिचा लॅपटॉप जेवणाच्या टेबलावर उघडाच राहिला होता. अण्णा तिथून सहज चालले होते. म्हणजे आपण सहज चाललो आहोत असं वाटावं, इतक्या बेताने चालले होते. पडद्यावर निळाभोर समुद्र होता, समुद्रासमोर एक पांढरं घर होतं आणि घराखाली दोन-तीन ओळी होत्या. अण्णांनी चष्मा पुसला आणि वाकून वाचलं: 'परदेशातलं शांत गाव. परवडणारं भाडं. ऑनलाइन काम करणाऱ्यांसाठी वेगवान इंटरनेट. एका व्यक्तीसाठी उत्तम.'

बाकीचं सगळं अण्णांनी मान्य केलं. शेवटचं वाक्य घशात अडकलं. घरात व्यक्ती दोन होत्या.

बाथरूमची कडी वाजली. अण्णा ताठ झाले आणि तळहाताने टेबल घासू लागले.

"काय करताय, अण्णा?" केसांना टॉवेल गुंडाळून चिंगी दारात उभी होती.

"टेबल पुसतोय."

"फडक्याशिवाय?"

"आधी कोरडं पुसायचं असतं."

चिंगीने एकदा त्यांच्याकडे आणि एकदा लॅपटॉपकडे पाहिलं, मग पुढे होऊन झाकण हळूच मिटलं. हळूच! अण्णांनी मनातल्या मनात नोंद केली. ज्याच्या मनात काही नसतं तो झाकण आपटतो. जो आवाज होऊ नये म्हणून जपतो, त्याच्याच पोटात काहीतरी शिजत असतं.

अण्णांची सगळी नोकरी विमा कंपनीत, लोकांच्या नुकसानीचे दावे तपासण्यात गेली होती. जळालेली दुकानं, बुडालेली गोदामं, जिन्यावरून 'आपोआप' घरंगळलेले फ्रीज, काय म्हणून पाहायचं राहिलं नव्हतं. आगीचा दावा आला की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असे: "आग लागली तेव्हा मांजर कुठे होतं?" दुकान जळून कोळसा झालेलं असायचं, मालक छाती पिटत असायचा, पण गल्ल्याशेजारी झोपणारं लाडकं मांजर मात्र आदल्याच दिवशी मेहुणीकडे पाहुणचाराला गेलेलं असायचं. माणूस स्वतःचं दुकान पेटवेल, पण मांजराला चटका बसू देणार नाही, हे अण्णांना कळून चुकलं होतं. या एका प्रश्नावर त्यांनी बडेबडे दावे आडवे केले होते. निवृत्तीनंतरही खोड गेली नाही. दूधवाला उशिरा आला तर बाकीचे लोक चिडत. अण्णा तो वेळेवर आला की विचारात पडत. चिंगीची आई त्यांना शंकासुर म्हणायची.

त्यांचा दुसरा नियम असा, की संशयिताला सरळ प्रश्न कधीही विचारायचा नाही. सरळ विचारलं की माणूस सरळ खोटं बोलतो. या नियमाने घरात कधी अडलं नव्हतं, कारण घरातलं सरळ प्रश्न विचारण्याचं खातं चिंगीच्या आईकडे होतं. "का गं, रडलीस का?", "तुम्ही माझ्यावर रुसलात का?", "नोकरी सोडायचं चाललंय का तुझं?" असलं काहीही ती भाजी चिरता चिरता विचारायची आणि उत्तर मिळेपर्यंत सुरी खाली ठेवायची नाही. ती गेली त्याला वर्ष होऊन गेलं. ते खातं रिकामंच पडलं होतं. आता बापलेक एकमेकांना एकच प्रश्न विचारत: "चहा टाकू?"

आई गेल्यावर चिंगी पंधरा दिवसांसाठी म्हणून आली आणि राहिली. तिची भाड्याची खोली सुटली, सामान इथे आलं, ऑफिस जेवणाच्या टेबलावर आलं. ऑफिस असं फार मोठं नव्हतं. मिक्सर, गीझर, इस्त्री अशा वस्तूंच्या खोक्यात जी माहितीपुस्तिका येते आणि जी कोणीही वाचत नाही, ती चिंगी लिहायची. 'ओल्या हाताने बटण लावू नये' हे वाक्य तिने आयुष्यात इतक्या वेळा लिहिलं होतं, की ते तिच्या कपाळावर दिसू लागलं होतं. हे काम जगात कुठूनही करता येतं, असं तिच्या कंपनीने नुकतंच जाहीर केलं होतं. अण्णांनी तेव्हा त्याकडे लक्ष दिलं नव्हतं.

आता ते पुरावे जुळवायला बसले. वॉशिंग मशीनवर चिंगीच्या अक्षरातली चिठ्ठी होती: 'झाकण नीट लागल्याशिवाय सुरू करू नये.' गॅसच्या बाजूला दुसरी: 'भात: एक वाटी तांदूळ, दोन वाट्या पाणी. झाकण सारखं उघडून पाहू नये.' गीझरवर, इस्त्रीवर, औषधाच्या डब्यावर, सगळीकडे चिठ्ठ्या. आजवर त्यांनी हे धंद्याची खोड म्हणून सोडून दिलं होतं. पण आता एकेक धागा दिसू लागला. मागच्या महिन्यात तिने त्यांना भात लावायला शिकवला. त्यांच्या रक्ताच्या सगळ्या तपासण्या एका दिवसात उरकून घेतल्या. आणि थंडीतला तिचा जाडजूड कोट? कोणाला तरी देऊन टाकला! गरम हवेच्या ठिकाणी जाणाऱ्यालाच कोट जड होतो.

राहता राहिलं मांजर. अण्णांनी स्वयंपाकघरातलं फडताळ उघडलं. वरच्या फळीवर चिंगीच्या आईचा निळ्या काठाचा कप असायचा. त्यात कोणी चहा घ्यायचं नाही, पण तो असायचा. आज तिथे कपाएवढी रिकामी जागा होती.

अण्णा स्टुलावर बसले. मांजर हललं होतं.

त्यांनी गच्चीत जाऊन थोरल्या बहिणीला फोन लावला. अक्का चार गल्ल्या पलीकडे राहायची आणि कोणाचंही गुपित पोटात ठेवायची तयारी दाखवायची. ठेवायची किती वेळ, हा वेगळा प्रश्न.

"अरे बाळ्या, मग विचार ना तिला सरळ. जीभ झिजते का?"

"सरळ विचारून काय होणार? म्हणेल, नाही हो अण्णा, नुसती बघत होते."

"नुसतीच बघत असेल मग."

"कप हलवलाय तिने, अक्का. हिचा कप."

अक्काने फोन दुसऱ्या कानाला लावला. मग म्हणाली, "हे बघ, पोरीला जाऊ नको म्हणालास तर ती राहील. आणि जन्मभर तोंड पाडून राहील. पोरीला नको म्हणू नकोस. घराला नको म्हण. तू एवढी घरं तपासलीस, त्या घरात चार खोटी काढायला तुला काय जड आहे?"

अण्णांना हे एकदम पटलं. भाड्याच्या घरांच्या त्या वेबसाइटवर त्यांनी स्वतःचं खातं उघडलं, समुद्राकाठची घरं एकेक चाळत ते पांढरं घर शोधून काढलं आणि घरमालकिणीला निरोप धाडला. तिची भाषा यांना येत नव्हती, यांची तिला येत नव्हती. पण फोनमध्ये भाषांतराची सोय होती. अण्णांनी लिहिलं, 'खिडकीच्या वर उजव्या कोपऱ्यात रंगाचा ताजा हात दिसतो. तिथली ओल झाकली आहे काय?'

तासाभराने उत्तर आलं. 'आदरणीय सज्जन, नमस्कार. माझे घर आनंदी घर आहे. तिथे कोणतीही ओल राहत नाही.'

'कृपया तो कोपरा जवळून दाखवावा,' अण्णांनी लिहिलं.

दोन दिवस काही आलं नाही. अण्णा खूश झाले. पक्षकार गप्प बसला की समजावं, बाण लागला. तिसऱ्या दिवशी फोटो आला: खरवडलेला कोपरा, काळी-हिरवी भिंत. खाली ओळ: 'आदरणीय सज्जन, मी रंग काढला. तुम्ही बरोबर होता. मला लाज वाटते. गवंडी येत आहे.'

अण्णांच्या अंगावर मूठभर मांस चढलं. निवृत्तीनंतर 'तुम्ही बरोबर होता' हे वाक्य त्यांना पहिल्यांदाच ऐकायला मिळत होतं. त्यांनी दुसरी खोट काढली: सिंकजवळचं प्लगचं बटण. बाईने ते हलवलं. तिसरी: बाल्कनीचा कठडा. 'एका गजाची सावली बाकीच्यांशी समांतर नाही, म्हणजे तो सुटला आहे.' बाईने सगळा कठडा नवा बसवला. ती दमेल, चिडेल, घर भाड्याने देणार नाही म्हणेल, असा अण्णांचा हिशोब होता. पण ही बाई हरायला तयार नव्हती. अण्णांनी खोट काढावी आणि तिने ती बुजवावी, असं चक्र सुरू झालं. एक दिवस तिने सगळ्या घराचा व्हिडिओ धाडला. शेवटी खिडकीतून समुद्र चकाकत होता. अण्णांनी तेवढा भाग पुढे ढकलला आणि मोरीचा उतार पुन्हा पाहिला.

मग बाईलाही संशय आला. 'आदरणीय सज्जन, तुम्ही कर खात्याचे आहात का?'

'नाही. मी सावध माणूस आहे.'

'माझा नवरा सावध माणूस होता. तो वारला. तेव्हापासून सर्व नळ गळतात.'

अण्णांनी फोन खाली ठेवला. जरा वेळाने उचलला आणि लिहिलं, 'माझी बायको अजिबात सावध नव्हती. तीही वारली.' मग उगाच लांबण नको म्हणून खाली जोडलं, 'नळाचा वायसर बदलून पाहा.'

इकडे चिंगीच्या लक्षात येऊ लागलं होतं की अण्णा बदलले आहेत. ते सकाळी दाढी करू लागले होते. चहा पिताना फोनकडे बघून स्वतःशी हसत होते. गच्चीत जाऊन फोनवर कुजबुजत होते. एकदा ते भाताकडे बघायला उठले, फोन टेबलावरच राहिला आणि त्यावर ओळ उजळली: 'तुम्ही सांगितले ते सर्व मी केले. आता तुम्ही कधी येणार?' वर कोण्या परक्या बाईचा फोटो होता, उन्हात डोळे बारीक करून हसणारी.

अण्णा परत आले तेव्हा चिंगी फोनकडे बघत नव्हती. इतकी बघत नव्हती, की अण्णांना तेही खटकलं.

"अण्णा," ती फार गोड आवाजात म्हणाली, "तुमचं बँकेचं कार्ड कुठे असतं हो?"

"का?"

"सहज. माहीत असावं म्हणून."

'विमानाचं तिकीट,' अण्णा मनात म्हणाले. "कपाटात," ते तोंडाने म्हणाले, आणि दुपारी ते कार्ड कपाटातून काढून बुटात ठेवलं.

चिंगीने संध्याकाळी कपाटात कार्ड शोधलं. नव्हतं. एकटे म्हातारे गृहस्थ, परदेशातली बाई, गोड बोलणं आणि शेवटी बँकेचं खातं साफ, असल्या बातम्या तिने वाचल्या होत्या. तिने आत्याला फोन लावला. आता आत्या म्हणजे अक्काच. अक्काने पुतणीचंही गुपित पोटात घेतलं आणि तिलाही तोच सल्ला दिला: "अगं, विचार ना त्यांना सरळ."

"नको, आत्या. सरळ विचारलं तर कानावर हात ठेवतील आणि जास्तच लपवतील."

"अगदी बापावर गेलीस," अक्का म्हणाली.

दुसऱ्या दिवशी अण्णांच्या फोनच्या पाठीवर एक चिठ्ठी चिकटलेली होती: 'अनोळखी व्यक्तीस पैसे पाठवू नयेत. गोड बोलण्यास भुलू नये.' अण्णांनी ती तीनदा वाचली. फोनच्या माहितीपुस्तिकेत असलं काही असतं, हे त्यांना ठाऊक नव्हतं. पण पोरगी आपली मागची व्यवस्था लावते आहे, याबद्दल त्यांच्या मनात आता तिळमात्र शंका उरली नाही. अगदी चोरांचासुद्धा बंदोबस्त करून चालली होती! त्यांचे डोळे जरा चुरचुरले. त्यांनी ते कांद्यावर ढकललं. त्या दिवशी घरात कोणी कांदा चिरला नव्हता.

घरात आता कोणीच कोणाला एकटं सोडेना. चिंगी बाहेर निघाली की अण्णांना नेमकं दुकानात काम निघे. अण्णा गच्चीत गेले की चिंगीला वाळत घातलेले कपडे आठवत. एका संध्याकाळी दोघं गच्चीत वाळलेल्या एकाच चादरीची दोन टोकं धरून किती तरी वेळ घड्या घालत राहिली, कारण आधी खाली कोणी जायचं हे ठरेना.

शेवटी अक्काच्याने राहवलं नाही. रविवारी सकाळी ती दार ढकलून आत आली आणि पिशवी सोफ्यावर टाकून म्हणाली, "बसा दोघं समोर. तुमची गुपितं पोटात ठेवून मला अजीर्ण झालंय. बाळ्या, तू आधी. कोण ही बाई?"

"कोणती बाई?"

"अण्णा, मी पाहिलाय तिचा निरोप," चिंगी म्हणाली. "किती पैसे दिलेत तिला?"

"पैसे? उलट तिचेच चाललेत पाण्यासारखे!"

"म्हणजे ती तुम्हाला पैसे पाठवते?"

"मला कशाला पाठवेल? गवंड्याला देते!"

अक्काने डोक्याला हात लावला. "दाखव तो फोन."

अण्णांनी फोन दिला. चिंगीने धीर करून तो संवाद उघडला. तिने प्रेमपत्रं वाचायची तयारी केली होती. पहिला फोटो आला तो काळ्या-हिरव्या भिंतीचा. दुसरा मोरीचा. तिसरा कठड्याच्या गजाचा. मग एका नळाचा, गळणारा आणि न गळणारा, असे जोडीने.

"हे काय आहे?" ती म्हणाली.

"ओल."

"आणि हे?"

"तीच. गेल्यानंतरची."

चिंगी एकेक फोटो सरकवत गेली आणि मध्येच थबकली. खिडकी, पांढरी भिंत, पलीकडे निळा समुद्र. "अण्णा... हे तर मी पाहिलेलं घर आहे."

"म्हणूनच तर तपासत होतो. तू तिथे राहणार, कठडा सुटलेला, सिंकपाशी बटण..." अण्णा अडखळले. खरं तर हे घर बाद करायला ते बसले होते, पण मध्येच कुठेतरी ते राहण्याजोगं करायला लागले होते, आणि ते कधी झालं हे त्यांचं त्यांना कळलं नव्हतं.

"पण मी जाणारच नव्हते! नुसती बघत होते."

"बघ," अण्णा अक्काला म्हणाले, "मी म्हटलं नव्हतं, असंच म्हणेल? आणि कप? हिचा कप कुठे पाठवलास?"

चिंगीचा चेहरा पडला. ती उठली, आपल्या खोलीतून एक पुठ्ठ्याचा डबा घेऊन आली आणि टेबलावर ठेवला. आत निळ्या काठाचे तुकडे होते, कापसात. "माझ्या हातून फुटला. चिकटवून ठेवणार होते, तुमच्या लक्षात यायच्या आत. जुळतच नाहीये. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून..."

अण्णांनी एक तुकडा उचलून उजेडात धरला. सवयीने कडा पाहिल्या. मग तो होता तसा कापसात ठेवला.

"हातात साबण होता?" त्यांनी विचारलं.

"हो."

"मग फुटणारच," ते म्हणाले. तपास संपला.

अक्काने स्वभावाविरुद्ध तोंड मिटून ठेवलं. चिंगी डब्याकडे बघत होती. मग ती मान वर न करता म्हणाली, "अण्णा, मी जाऊ का थोडे महिने? या टेबलावर बसून काम होत नाही माझ्याने. समोर आईची खुर्ची दिसते. पण तुम्ही एकटे राहाल?"

एका दमात दोन सरळ प्रश्न. वर्षभरात या घरात असं झालं नव्हतं. अण्णांना खोटं बोलायला हवं होतं, पण त्यांना काही सुचलं नाही.

"एकटं मला नाही आवडणार," ते म्हणाले. "पण तू जा. घर चांगलं आहे ते. मी जबाबदारीने सांगतो."

अक्काने पदराने नाक पुसलं आणि म्हणाली, "मग आता डोळे काय गाळताय? घ्या ते घर, नाहीतर तिसराच कोणी घेईल."

चिंगीने लॅपटॉप उघडला. पांढरं घर आलं. तिने भाड्याचा आकडा वाचला, पान बंद करून पुन्हा उघडलं आणि पुन्हा वाचला. भाडं दुपटीच्या वर गेलं होतं. खाली नवी जाहिरात होती: 'संपूर्ण दुरुस्त घर. नवा भक्कम कठडा. ओल नाही, याची खात्री. प्रत्येक नळ तपासलेला. परदेशी तज्ज्ञाच्या सल्ल्यानुसार.' आणि त्याखाली लाल अक्षरांत: 'पूर्ण हंगामासाठी भाड्याने गेले आहे.'

तिघं पडद्याकडे बघत राहिली.

"परदेशी तज्ज्ञ," अक्का म्हणाली. "ऐकलंस का, बाळ्या? पायावर कुऱ्हाड मारून घेतलीस ती घेतलीस, वर कुऱ्हाडीला धार पण लावून दिलीस."

तेवढ्यात अण्णांचा फोन वाजला. बाईचा निरोप होता, नेहमीपेक्षा लांब. 'आदरणीय सज्जन, एक श्रीमंत जोडपे आले, त्यांनी कठडा हलवून पाहिला आणि लगेच घर घेतले. सर्व तुमच्यामुळे. आता माझ्या बहिणीचे घर, चुलतभावाचे घर आणि बेकरीवाल्याचे घर तुमची वाट पाहतात. हंगाम संपला की माझ्या मागच्या खोलीत राहायला या. खोलीचे भाडे नाही. फक्त शंका घ्या.'

"फुकट खोली?" चिंगी ताडकन म्हणाली. "अण्णा, फुकट काही नसतं हं जगात. ही बाई आहे तरी कोण? आधी मला तिच्याशी बोलायचंय. व्हिडिओवर. आणि ती खोली बघायचीय, सगळे कोपरे."

अण्णा तिच्याकडे बघत राहिले. त्यांना तिचा फार अभिमान वाटला.

चिंगीने सगळे कोपरे बघितले, बाईची उलटतपासणी घेतली, तिच्या बहिणीचीही घेतली, आणि मगच परवानगी दिली. तिला स्वतःला निघणं शक्य नव्हतं. मागच्या खोलीत जेमतेम एक खाट मावत होती, पांढरं घर परवडेनासं झालं होतं, दुसरं परवडणारं सापडत नव्हतं. म्हणून हंगाम संपल्यावर समुद्राकाठी काम करायला जे निघाले, ते अण्णा. चिंगी टेबलापाशी राहिली. जाताना अण्णांनी फक्त एवढंच केलं, की चिंगीची खुर्ची उचलून टेबलाच्या दुसऱ्या बाजूला, खिडकीकडे तोंड करून ठेवली.

गाव लहान होतं, वारा खारट होता. घरमालकीण रबरी बूट घालून, कमरेला किल्ल्यांचा जुडगा लावून न्यायला आली. दोघं आपापल्या फोनमध्ये बोलत आणि फोन एकमेकांसमोर धरत. पहिल्या आठवड्यात अण्णांनी बहिणीच्या घराची गच्ची तपासली, चुलतभावाचा जिना तपासला, बेकरीवाल्याची धुरांडी पाहून त्याला तीन दिवस झोपू दिलं नाही. गावात मिस्त्री, रंगारी, नळवाले सगळे कामाला लागले. लोक अण्णांना रस्त्यात थांबवून आपापली भिंत दाखवू लागले. अण्णा रोज चिंगीला फोटो धाडत: भेग, गंज, वाळवी. समुद्र चुकून एखाद्या फोटोच्या कडेला यायचा.

मग एका संध्याकाळी चिंगीचा व्हिडिओ कॉल आला. तिचे केस विस्कटलेले होते.

"अण्णा, बंदरापाशी एक पिवळं घर होतं. काल परवडत होतं. आज दीडपट झालंय. तुम्ही काल तिकडे गेला होतात का?"

"मी? नुसता जिना चढलो."

"आणि मागच्या आठवड्यातलं ते कौलारू?"

"त्याचा वासा कुजलेला होता, चिंगे. सांगायला नको?"

"अहो, मी इथे रोज स्वस्त घर शोधतेय आणि तुम्ही तिथे रोज एकेक महाग करताय! असं चाललं तर सगळ्या गावात मला परवडेल असं खुराडंसुद्धा राहणार नाही. अण्णा, हात जोडते, एखादं घर तरी न तपासता सोडा!"

अण्णा रात्रभर विचार करत नसत, पण त्या संध्याकाळी जेवताना त्यांनी बराच केला.

दुसऱ्या दिवशी एका निवृत्त शिक्षकाने त्यांना माडीवर नेलं. दोन खोल्या होत्या, साध्या, उजेडाच्या. कठडा हलवून पाहिला, भक्कम होता. बटणं पाहिली, कोरडी. नळ गळत नव्हते. आणि मग आतल्या खोलीत, कपाटाच्या मागून वर छतापर्यंत चढत गेलेला, नकाशासारखा पसरलेला डाग दिसला. म्हातारा मालक दारात हात मागे बांधून उभा होता. त्याच्या तोंडावर परीक्षेच्या निकालाची काळजी होती. त्याने फोनमध्ये काहीतरी म्हटलं आणि फोन पुढे धरला. 'आदरणीय सज्जन, दोष आहे का?'

अण्णांनी डाग पाहिला. असल्या डागाने कोणाचं काही वाईट होत नाही, फक्त भाडं कमी राहतं. मग त्यांनी खिडकी पाहिली. खिडकीखाली टेबल ठेवलं, तर डाग पाठीशी येत होता आणि समुद्र समोर. घरातून बाहेर बघायला अण्णा इतका वेळ उभे राहिले आहेत, असं सबंध नोकरीत कधी झालं नव्हतं.

"नाही," ते म्हणाले. मालकाला ते भाषांतराशिवाय कळलं.

खाली रस्त्यावर येऊन त्यांनी चिंगीला निरोप लिहिला: 'घर सापडलं. दोन खोल्या आहेत. एका भिंतीला चांगली ओल आहे, मी काही बोललो नाही. लवकर ये.'